उभ्याचं टेबल आणि पाण्याचा पेला

गेल्या चार-पाच वर्षांत ओळखीतल्या निदान दहा जणांनी मला हा प्रश्न विचारला असेल : "घरी उभं राहून काम करायचं टेबल घ्यायचंय. कुठलं घेऊ?" थोडं बोलणं पुढे गेलं की या प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न बाहेर येतो. "हलणार नाही ना?"

हा दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो, कारण मी त्याचे चटके खाल्ले आहेत. माझं पहिलं वर-खाली होणारं टेबल दुकानात दगडासारखं स्थिर होतं. घरी आणलं, बटण दाबून कोपरापर्यंत वर घेतलं, चहाचा कप ठेवला आणि पहिली ओळ टाइप करायला घेतली. कपातल्या चहावर गोल गोल लाटा उठल्या. समोरचा मॉनिटर तर "हो हो" म्हटल्यासारखा मान डोलवत होता. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, एकशेवीस किलो पेलतं ते. हत्ती उभा करा!" मला हत्ती ठेवायचा नव्हता, लॅपटॉप ठेवायचा होता. पण त्याचं उत्तर चुकीचंही नव्हतं. ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर होतं, एवढंच.

दुकानात स्थिर असलेलं टेबल घरी का डोललं? दुकानात ते बसायच्या उंचीवर ठेवलेलं होतं. या प्रकरणातलं निम्मं उत्तर याच वाक्यात आहे. उरलेलं निम्मं पायरीपायरीने पाहू.

१. घरातलं पहिलं उभं टेबल

आपल्याकडे काम म्हणजे बसून करायची गोष्ट. पेढीवरचे मुनीमजी मांडी घालून उतरत्या डेस्कावर खतावणी लिहायचे. चुलीपुढे पाट असायचा आणि विळीसुद्धा जमिनीवर बसूनच चालायची. मग गॅस आला आणि त्याच्याबरोबर ओटा आला. उभं राहून काम करायचं मराठी घरातलं पहिलं टेबल म्हणजे हा ओटा. तो हलत नाही, कारण त्याला पायच नसतात; विटांच्या भिंती आणि वर कडाप्पा किंवा ग्रॅनाइट. पण त्याची उंची एकदा ठरली की ठरली. सासूबाईंच्या मापाने बांधलेल्या ओट्यावर उंच सुनेची कंबर धरते, हे वेगळं सांगायला नको.

लिहिण्यासाठी उभं राहणारेही पूर्वीपासून होते. अर्नेस्ट हेमिंग्वे क्यूबात हवानाजवळच्या आपल्या घरी पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावर टाइपरायटर ठेवून उभ्यानेच लिहायचा. कपाटही हलत नाही. म्हणजे ओटा काय किंवा कपाट काय, उंची बदलायची नसेल तर स्थिरता फुकट मिळते.

मग उंची बदलायची तरी कशाला? दिवसभर उभंच राहावं की. तर, दिवसभर उभं राहणं हेही चांगलं नाही. वाहतूक पोलीस, न्हावी, दुकानातले सेल्समन यांना पोटऱ्यांच्या फुगलेल्या नसांबद्दल विचारा. आणि उभं राहून वजन उतरतं हा तर निव्वळ भ्रम. २०१८ साली आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तिच्यात बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरी जास्त खर्च होते असं दिसलं. सहा तासांच्या झाल्या ५४ कॅलरी. म्हणजे साधारण अर्धी पोळी.

फायदा आहे तो हालचालीत. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने १९५३ मध्ये लंडनच्या बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये तिकीट तिकीट करत वरखाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांना याचं नवल वाटणार नाही. कंडक्टर नुसता उभा नसायचा, तो हलत असायचा.

तेव्हा आपल्याला हवं आहे बसणं-उठणं चालू ठेवणारं टेबल, म्हणजे वर-खाली होणारं. आणि पाय वर-खाली सरकायला लागले की ओट्याची फुकटची स्थिरता संपली.

२. आधी कोपर मोजा

हलण्याचा विचार करण्याआधी उंची ठरवावी लागते, कारण टेबल किती हलेल हे ते किती उंच जाणार यावर अवलंबून आहे.

सरळ उभे राहा, अनवाणी, कारण घरात आपण अनवाणीच असतो. खांदे सैल सोडा, हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायला दुसरं माणूस बोलवा, स्वतःचं स्वतः मोजताना आपण वाकतोच. हे अंतर आपल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के असतं. पाच फूट दहा इंच, म्हणजे १७८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं कोपर ११२ सेंटिमीटरवर येतं. पाच फूट चार इंचवाल्याचं १०२ वर. त्यातून कीबोर्डच्या जाडीचे दोन-तीन सेंटिमीटर वजा करा. ही झाली तुमची उभ्याची उंची. पायाखाली रबरी मॅट घालणार असाल तर तिची जाडी त्यात परत मिळवा.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात. मीही थांबलो होतो. मग भाची हिंजवडीत नोकरी लागून आमच्याकडे राहायला आली. उंची बरोबर पाच फूट. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मान चोळत म्हणाली, "मामा, तुमचं टेबल वर हवं तेवढं जातं हो, पण खाली येतच नाही." मी हसलो आणि टेप घेऊन बसलो. खुर्चीत तळपाय जमिनीला टेकवून बसल्यावर तिचं कोपर होतं ६१ सेंटिमीटरवर. टेबल खाली येऊन येऊन थांबत होतं ७१ वर, त्यावर अडीच सेंटिमीटरची फळी. साडेबारा सेंटिमीटरचा फरक! ती दिवसभर खांदे उचलून टाइप करत होती. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळत, मग पायाखाली देवघरातला पाट.

खरं तर आपल्याकडचं नेहमीचं टेबलही असंच आहे. सुतार डोळे मिटून तीस इंचाचं, म्हणजे ७६ सेंटिमीटरचं टेबल करतात, आणि बुटक्या माणसांनी त्यावर निमूट लिहायचं असतं. तेव्हा माहितीपत्रकात 'कमाल उंची' सगळे बघतात. तुम्ही 'किमान उंची' आधी बघा. आणि तो आकडा नुसत्या सांगाड्याचा आहे की फळी धरून, हेही विचारा. बहुधा तो नुसत्या सांगाड्याचा असतो.

३. डुगडुगणं वेगळं, झुलणं वेगळं

"टेबल हलतं" या दोन शब्दांत दोन निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही निराळी.

पहिलं दुखणं डुगडुगण्याचं. एक कोपरा दाबला की समोरचा पाय उचलला जातो, 'टक्' असा आवाज येतो. हा दोष टेबल आणि जमीन यांच्या जमण्यातला आहे. तिवई कधी डुगडुगत नाही, आठवून पाहा. तिला तीनच पाय, आणि कुठल्याही तीन टोकांवर एक सपाट पृष्ठभाग नेमका बसतोच, मग जमीन कशीही असो. चौथा पाय आला की तो त्या तिघांच्या पातळीत असेलच याची खात्री नाही. उडप्याच्या हॉटेलात टेबलाखाली घडी घातलेलं पाकीट सरकवतात ते याचसाठी.

याचं एक गमतीशीर गणित आहे. चारही पाय सारखे असलेलं चौरस टेबल हळुवार उंचसखल जमिनीवर जागच्या जागी फिरवत गेलात, तर पाव वळणाच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. बागेत किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात करून बघा. आपल्या फ्लॅटमध्ये मात्र हे हमखास जमेल असं नाही, कारण लाद्यांच्या सांध्यांना पायरी असते. एक लादी दुसरीपेक्षा मिलिमीटरभर वर. शिवाय कामाचं टेबल तिरकं ठेवून कोण बसणार? म्हणून चांगल्या टेबलाच्या पायांना तळाशी फिरणाऱ्या चकत्या असतात. ज्या पायाखाली कागद सरकतो त्याची चकती थोडी बाहेर काढायची. पाच मिनिटांचं काम. डुगडुगण्यावरून टेबल परत पाठवू नका.

दुसरं दुखणं झुलण्याचं. चारही टोकं जमिनीला घट्ट चिकटलेली, तरी वरची फळी झाडाच्या फांदीसारखी हलते. माझा चहा ज्याने थरथरला, ते हे. हा दोष सांगाड्यातच असतो आणि चकत्या फिरवून जात नाही.

४. फूटपट्टीचा प्रयोग

शाळेतली प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. टेबलाच्या कडेवर दाबून धरा, दहा सेंटिमीटर बाहेर राहू द्या, आणि टोकाला बोटाने थोडं दाबा. आता वीस सेंटिमीटर बाहेर काढा आणि तेवढ्याच जोराने दाबा. लांबी दुप्पट झाली, म्हणून वाकणं दुप्पट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते आठपट होतं. एका टोकाला धरलेल्या पट्टीचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं : दोन गुणिले दोन गुणिले दोन.

टेबलाचा पाय म्हणजे जमिनीत रोवलेली उभी फूटपट्टीच. बसायची उंची ७५ सेंटिमीटर आणि उभ्याची ११० धरू. लांबी जेमतेम दीडपट झाली. पण १.४७ गुणिले १.४७ गुणिले १.४७ केलंत तर उत्तर तीनच्या थोडं वर येतं. जो धक्का बसलेल्या उंचीवर टेबलाला एक मिलिमीटर हलवतो, तोच उभ्याच्या उंचीवर तीन मिलिमीटर हलवणार. यात कंपनीची लबाडी नाही, भूमितीच तशी आहे. लबाडी असली तर टेबल खाली घेऊन दाखवण्यात.

वर-खाली होणाऱ्या पायात आणखी एक गोष्ट घडते. जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवा. अर्धी ओढली की ताठ उभी राहायची, पूर्ण ओढली की टोक लुटुलुटु हलायचं. एरियल काय किंवा टेबलाचा पाय काय, एका नळीत दुसरी नळी सरकते. सरकायचं तर दोघींच्या मध्ये केसभर मोकळी जागा हवी. गॅरेजमधला मेकॅनिक तिला 'प्ले' म्हणतो. प्ले शून्य केला तर पाय अडकेल, जास्त ठेवला तर झुलेल.

ही केसभर जागा वर जाऊन केवढी होते ते बघा. समजा प्ले अर्धा मिलिमीटर आहे. आतली नळी बाहेरच्या नळीत अजून २० सेंटिमीटर रुतलेली आहे आणि ५० सेंटिमीटर बाहेर आली आहे. ५० म्हणजे २० च्या अडीचपट. तेव्हा वरच्या टोकाला अर्ध्याचं सव्वा मिलिमीटर होतं. आता टेबल आणखी दहा सेंटिमीटर वर घ्या. रुतलेला भाग १० उरला, बाहेरचा ६० झाला. सहापट. वर टोकाला तीन मिलिमीटर! दहा सेंटिमीटर चढण्यात झोल दुपटीहून जास्त वाढला.

म्हणून माझा पहिला नियम : ज्या टेबलाची कमाल उंची तुमच्या गरजेइतकीच आहे ते घेऊ नका, दहा सेंटिमीटर तरी हातचे राहू द्या. ११० लागत असेल तर १२० च्या वर जाणारं बघा. एरियल शेवटपर्यंत ओढायची वेळच येऊ नये.

पाय दोन नळ्यांचे असतात किंवा तीन नळ्यांचे. तीन नळ्यांचा पाय खाली जास्त येतो आणि वर जास्त जातो, म्हणून भाचीसारख्या माणसाला आणि सहा फुटी माणसालाही तोच हवा. त्यात सांधे दोन, म्हणजे प्लेच्या जागाही दोन, हे खरं. पण ११० सेंटिमीटरवर तो पूर्ण ताणलेला नसतो, दोन नळ्यांचा पाय जवळजवळ ताणलेला असतो. स्वस्तातला तीन नळ्यांचा पाय मात्र दोन्हीकडचे तोटे घेऊन येतो.

५. झुलतं कुठल्या दिशेला?

दुकानात टेबल धरून हलवताना लोक बहुधा एकाच दिशेला हलवतात. दोन्ही दिशांना हलवून बघा, कारण दोन्हीकडे निरनिराळे भाग काम करतात.

डावी-उजवीकडे झुलणं म्हणजे चौकट कलणं. चार काड्या टोकांना खिळून चौकोन करा आणि वरची काडी ढकला. चौकोन तिरका होऊन पतंगासारखा आडवा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण असा कलत नाही. इमारतीला परांची बांधणारे बांबूवाले उभ्या-आडव्या बांबूंवर तिरका बांबू टाकतात तो याच कारणासाठी. कौलारू छपराची कैची त्रिकोणीच असते. टेबलात हा तिरका बांबू टाकला तर गुडघे कुठे ठेवायचे? म्हणून त्याऐवजी दोन पायांना जोडणारा आडवा दांडा देतात, किंवा पाय आणि फळी यांच्या कोनात जाड पट्ट्या. हल्ली 'पायाला मोकळी जागा' म्हणून आडवा दांडा काढून टाकायची टूम आहे. काढा, पण मग कोनातल्या पट्ट्या दणकट हव्यात. पत्र्याची पातळ पट्टी अंगठ्याने दाबून कळते.

पुढे-मागे झुलण्यावर या दांड्याचा फारसा इलाज चालत नाही. तिथे पायाची नळी किती रुंद आहे आणि जमिनीवरचं पाऊल किती लांब आहे हे महत्त्वाचं. टाइप करताना आपण ढकलतो ते पुढे-मागेच, म्हणून मला विचाराल तर ही दिशा जास्त महत्त्वाची. एक मिनिटात साठ इंग्रजी शब्द टाइप करणारा माणूस सेकंदाला पाच ठोके देतो. झोपाळ्याला प्रत्येक येरझारीत नेमक्या वेळी हलका धक्का दिला की तो उंच जातो, तसंच टेबलाच्या स्वतःच्या झुलण्याची लय या ठोक्यांशी जुळली की छोटं थरथरणं मोठं होतं. त्यात मॉनिटर लांब हातावर (आर्मवर), मागच्या कडेला लावलेला असला तर तो तेच हलणं आणखी वाढवून दाखवतो. कित्येकदा टेबल बरं असतं, हातच लेचापेचा असतो. टेबल बदलण्याआधी मॉनिटर त्याच्या मूळ स्टँडवर ठेवून बघा.

६. एकशेवीस किलो आणि गाडीचा जॅक

आता त्या हत्तीकडे वळू. माहितीपत्रकातला 'वजनक्षमता' हा आकडा सांगतो की मोटर एवढं ओझं उचलू शकेल. किती झुलेल याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. अमेरिकेत फर्निचर उत्पादकांची 'बिफ्मा' नावाची संघटना आहे, तिच्या एक्स ५.५ या डेस्कसाठीच्या मानकाचं नाव इथल्या जाहिरातींतही दिसतं. त्यातली स्थिरतेची चाचणी म्हणजे टेबल कलंडू नये याची. चांगलीच गोष्ट आहे, पण चहा हिंदकळू नये याची हमी ती देत नाही.

शिवाय आपलं ओझं असतं किती? हिशेब करू. फळी १४० बाय ७० सेंटिमीटर, जाडी अडीच : २४,५०० घन सेंटिमीटर. दाबलेल्या लाकडी बोर्डाचं वजन घन सेंटिमीटरला ०.७ ग्रॅम धरलं तर १७ किलो. दोन मॉनिटर हातांसकट १४, लॅपटॉप २, पुस्तकं-दिवा-किडूकमिडूक ५. झाले ३८ किलो. त्यावर कोपर टेकून रेललात तर आणखी थोडे. ८० किलोची क्षमता पुष्कळ झाली.

मोटरीबद्दल थोडक्यात. एक मोटर असेल तर मधला दांडा दोन्ही पाय फिरवतो. दोन असतील तर प्रत्येक पायाला आपली. दोन मोटरींचं टेबल सहसा शांत आणि सरळ चढतं. आत काय आहे, तर गाडीच्या जॅकसारखा आट्यांचा दांडा. जॅक फिरवून सोडून दिला तरी गाडी खाली येत नाही, तसं वीज गेली तरी टेबल कोसळत नाही, आहे तिथेच थांबतं. लोडशेडिंगच्या गावातल्या वाचकांची एक भीती गेली. मात्र वीज चढता-चढता गेली, तर पायांची मोजणी चुकून एक पाय वर, एक खाली असं कधीकधी होतं. तेव्हा 'खाली'चं बटण दाबून ठेवायचं, टेबल तळाला जाऊन पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. कंट्रोल बॉक्सवर बारीक अक्षरात '२ मिनिटं चालू, १८ मिनिटं बंद' असंही बहुधा लिहिलेलं असतं. घरातल्या लहान मुलांनी पहिल्या दिवशी त्याचा पाळणा केला की मोटर का रुसते, ते त्यात आहे.

७. फळी : इथे सुतार कामाला येतो

सांगाडा विकत घ्यावा आणि फळी आपण करून घ्यावी, असं माझं मत हळूहळू पक्कं होत गेलं आहे. तयार फळी बहुतेकदा पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली असते. कोरड्या खोलीत ती बिनतक्रार राहते. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात कडेची पट्टी कुठे सुटली की तिथून ओल शिरते आणि कड पावासारखी फुगते.

त्याहून मोठी अडचण स्क्रूची. आमच्या सुतारमिस्त्रींनी माझी जुनी फळी उलटी केली, सैल झालेला स्क्रू बोटांनी उपसून माझ्या हातात दिला. आट्यांमध्ये भुसा भरला होता. "साहेब, या बोर्डात स्क्रू एकदाच बसतो. घर बदललंत, काढून परत लावलात, की धरत नाही. टेबल झुलतंय ते पायामुळे कमी, यामुळे जास्त." फळी सांगाड्याला घट्ट नसेल तर मघाशी सांगितलेली चौकट वरच्या बाजूने मोकळी राहते, आणि मग कितीही दणकट पाय घ्या.

जाडीचाही तोच घनाचा नियम, पण या वेळी आपल्या बाजूने. १८ मिलिमीटरऐवजी २५ ची फळी घेतली तर २५ भागिले १८ म्हणजे १.३९, त्याचा घन २.७. जाडी दीडपटही झाली नाही आणि ताठपणा पावणेतीनपट झाला. मिस्त्रींनी १२ मिलिमीटरच्या दोन प्लाय गोंद लावून, रात्रभर शिकंज्यात दाबून एक केल्या. प्लाय आयएस ३०३ चा शिक्का असलेली, आणि त्यातही ओल सोसणारी बीडब्ल्यूआर प्रतीची. वर सनमायका, आणि खालच्या बाजूलाही. खालच्या बाजूला कोण बघतंय म्हणून लोक तिथे पैसे वाचवतात आणि वर्षभरात फळी पन्हाळीसारखी वाकते, कारण एक बाजू हवेतली ओल घेते आणि दुसरी घेत नाही. सांगाडा जिथे बसतो तिथे त्यांनी फळीत पितळी आट्यांची नळकांडी बसवली आणि स्क्रूऐवजी बोल्ट आवळले. आता दहा वेळा काढा-लावा.

८. पाण्याचा पेला

दुकानात जाल तेव्हा खिशात टेप हवी आणि अंगात थोडा निगरगट्टपणा. टेबल आपल्या कोपराच्या उंचीला घ्यायला लावा, माहितीपत्रकातल्या नव्हे. विक्रेता "एवढं वर कशाला, काका?" म्हणेल, म्हणू द्या. काठापासून बोटभर खाली पाणी असलेला पेला मागा आणि फळीच्या मागच्या कडेजवळ, मॉनिटर येईल तिथे ठेवा. पुढची कड एका बोटाने ढकला, मग डावी बाजू. पाणी हलणारच, कुठल्याही टेबलावर हलतं. बघायचं असतं ते थांबतं केव्हा. बोट काढताच एक-दोन हिंदोळ्यांत निवलं तर सांगाडा चांगला. पाच-सहा हिंदोळे चाललं तर ते टेबल घरी तुमचा मॉनिटर डोलवणार. मग फोनवर दोन मिनिटं सपाटून टाइप करा, फोन फळीवर ठेवून. ऑनलाइन मागवणार असाल तर हे सगळं परत करायच्या मुदतीत, फळीला एकही जास्तीचं भोक न पाडता घरी करा.

दोघांनी एकच टेबल वापरायचं नसेल आणि खिसा आखडता असेल तर आणखी एक वाट आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. जुन्या ड्राफ्ट्समनचं कसं असायचं? उंच टेबल एकाच मापाचं आणि शेजारी उंच स्टूल. कंटाळा आला की स्टुलावर टेकायचं, पाय स्टुलाच्या दांड्यावर. आपल्या कोपराच्या उंचीचं सागवानी किंवा प्लायचं साधं टेबल करून घ्या, मागच्या बाजूला तिरका टेकू मारा, वाटल्यास दोन एल पट्ट्यांनी भिंतीला पकडा. मोटर नाही, प्ले नाही. ओटाच तो, फक्त विटा नाहीत. स्थिरतेत याच्या जवळपास येणारं मोटरचं टेबल मी अजून पाहिलेलं नाही, आणि भाची नसती तर मी हेच केलं असतं.

सरकणारं टेबल मात्र भिंतीला टेकवू नका, वर जाताना स्विचबोर्ड आणि खिडकीची चौकट घासून नेतं. तीन-चार सेंटिमीटर सोडा. आणि बसवल्यावर महिन्याभराने एकदा सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण रोजच्या चढउतारात ते थोडे सैल होतातच. माझ्या आताच्या टेबलाची षटकोनी चावी मी फळीच्या पोटाला चिकटपट्टीने लावून ठेवली आहे. तिच्या शेजारी भाचीने मार्करने दोन आकडे लिहिलेत : तिचे ६१ आणि ९४. माझे १०८ आणि ६८ तिने बारीक अक्षरात, खाली लिहिलेत.